'एटर्नल लव्ह' ही चायनीज सिरियल: काय जमलंय, काय फसलंय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी ही सिरियल दोनदा पूर्ण बघितलीय आणि ओळखीतल्या बऱ्याच जणींना बघायला लावलीय, त्यामुळे तेच तेच प्रश्न मला परत परत येतात, कधी रात्री दीड वाजता सुद्धा. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. पहिल्या ९ प्रश्नांत महत्त्वाचं काही फोडलेलं नाही, प्रश्न १० पासून पुढे मात्र सगळं उघडं आहे, शेवट पण. बघायची असेल तर तिथे थांबा.

१. ही नक्की कुठली? मला तर ह्या नावाच्या दोन सिरियल दिसतात.

हो, आणि चुकीची लावून "अगं ही तर वेगळीच निघाली" असं मला निदान चार जणींनी सांगितलंय. आपण बोलतोय ती ५८ भागांची, यांग मी आणि मार्क चाओची, ३० जानेवारी २०१७ ला चीनमध्ये सुरू झालेली, त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीतली. त्याच वर्षी जुलैमध्ये जवळपास ह्याच इंग्लिश नावाने 'द एटर्नल लव्ह' आली, त्यात एकाच शरीरात दोन मुली असतात, ती हलकीफुलकी आहे, तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही. खात्री करायची असेल तर 'टेन माइल्स ऑफ पीच ब्लॉसम्स' असं शोधा. मूळ चिनी नावाचा अर्थ साधारण 'तीन जन्म, तीन जगं, दहा ली पसरलेला पीचचा बहर'. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर, म्हणजे बन पाचेक किलोमीटरचं, इंग्लिशवाल्यांनी त्याचे दहा मैल करून टाकले.

२. गोष्ट काय आहे, शेवट न सांगता?

बाय छियान ही छिंगछियु नावाच्या राज्यातली नऊ शेपट्यांची पांढरी कोल्हीण, म्हणजे देवीच. तरुणपणी ती मुलाचा वेष घेऊन, सी यिन नाव लावून, कुनलुन पर्वतावर मो युआन ह्या युद्धदेवतेची सतरावी शिष्य होते. मग मोठं युद्ध होतं, गुरू जातो, आणि पुढे हजारो वर्षांनी एका लढाईत तिची शक्ती, रूप, आठवणी सगळं जातं आणि ती सू सू नावाची साधी माणूस बनून एका डोंगरावर एकटी राहत असते. तिथे तिला स्वर्गाचा युवराज ये हुआ भेटतो. प्रेम, लग्न, आणि मग स्वर्गात जे होतं ते होतं. तिसऱ्या टप्प्यात ती परत बाय छियान असते, मधलं सगळं विसरलेली, आणि तो मात्र काहीच विसरलेला नसतो. एकीला काहीच माहीत नाही आणि एकाला सगळं माहीत आहे, ह्याच्यावर अख्खी सिरियल उभी आहे.

३. चार एपिसोड बघितले, काही कळेना आणि आवडेना. सोडू का?

नका सोडू, पण तुमची तक्रार बरोबर आहे. मूळ कादंबरी थांग छी ह्या लेखिकेची, ती सू सूच्या दुःखाने सुरू होते आणि मग बाय छियान स्वतः गोष्ट सांगते, मागचं हळूहळू उलगडतं. सिरियलवाल्यांनी सगळं काळाच्या क्रमाने सरळ लावलं. त्यामुळे सुरुवातीला आश्रम, शिष्य, वेगवेगळ्या जमाती, कोणाचं कोणाशी वैर, हेच चालू राहतं आणि हिरो नीट यायलाच वेळ लागतो. फायदा असा की गुरूशी तिचं नातं तुमच्या डोळ्यांसमोर घडतं, त्यामुळे पुढचं पटतं. तोटा असा की ती कोण आहे हे गूढ उरतच नाही. माझा सल्ला, सू सूची गोष्ट संपेपर्यंत थांबा, म्हणजे वीसेक भाग. तेव्हाही आत काही हललं नाही तर खुशाल बंद करा.

४. नावं लक्षात राहत नाहीत आणि सगळे सारखेच पांढऱ्या कपड्यांत!

फक्त एवढे धरा. बाय छियान, सी यिन, सू सू ही एकच बाई (यांग मी). ये हुआ आणि मो युआन वेगळे आहेत पण नट एकच (मार्क चाओ), ते तसं का आहे ते पुढे कळतं. काळ्या कपड्यांतला तो ये हुआ, फिकट कपड्यांतला गुरू. झे यान म्हणजे पीचच्या बनाचा मालक, वैद्य, दारू गाळणारा, सगळ्यांचा जुना मित्र. सू जिन व्हिलन. आ ली हे गोड पिल्लू, त्याला लाडाने डम्पलिंग म्हणतात, आपण मोदक म्हणू तसं. बाकीचे हळूहळू ओळखीचे होतात.

५. बरं, एवढं भारी काय आहे त्यात?

यांग मी. बाकी काही सांगायच्या आधी तीच. तिने तीन वेगळ्या बायका उभ्या केल्यात, आणि मेकअप बदलून नाही, तर उभं राहणं, मान वळवणं, बोलताना किती थांबायचं ह्यातून. सी यिन उनाड पोर आहे, मार खाईल पण कबूल होणार नाही अशी. सू सू एकटी राहून राहून कुणीतरी आलं एवढ्यानेच खूश होणारी. आणि तिसऱ्या टप्प्यातली बाय छियान, १ लाख ४० हजार वर्षांची, सगळं बघून झालेली, आळशी, थोडी तिरसट, दारू पिऊन झोपा काढणारी आणि कोणाचंही ऐकून न घेणारी. रोमँटिक सिरियलच्या हिरोइनीला असं आत्याबाईसारखं निवांत बसलेलं मी आधी बघितलं नव्हतं. लहान देवदेवता तिला खरोखरच आत्या म्हणतात आणि ती त्या थाटातच वागते.

दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्यांवरची पांढरी पट्टी. तिला प्रखर उजेड सोसत नाही, म्हणून बाहेर पडताना रेशमी पट्टी बांधते. ती हे अगदी सहज सांगते, माझे डोळे अधू आहेत, एवढंच. का अधू आहेत हे तिने स्वतःच औषध पिऊन विसरून टाकलंय. बघणाऱ्याला माहीत असतं, समोर उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं, तिलाच नसतं. पहिल्या भेटीत ती पट्टी बघून ये हुआचा चेहरा जो होतो ना, तिथे एक शब्द नाही आणि मी मात्र रडत होते. मोठमोठे डायलॉग टाकले असते तर ते झालं नसतं.

तिसरं, शेवटचं गाणं, 'लियांग लियांग', च्यांग बीछन आणि यांग त्सुंगवे ह्यांचं. अर्थ न कळताही पोचतं.

६. हिरो एवढा काही देखणा नाही वाटत?

हे चीनमध्येही सिरियल यायच्या आधी लोक म्हणत होते, की युवराज म्हणून मार्क चाओ शोभत नाही. मलाही पहिले काही भाग तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो गप्प राहून काम करणारा नट आहे. गुरू म्हणून त्याच्या डोळ्यांत एक लांबपणा असतो आणि ये हुआ म्हणून भूक असते, तुम्ही आवाज बंद करून बघितलं तरी कोण आहे ते ओळखाल. तिशीनंतर भाग संपतच नाहीत असं वाटायला लागलं की बघा, तेव्हा तुम्हाला तोच देखणा वाटत असेल.

७. ग्राफिक्स बघवत नाहीत. पुढे सुधारतात का?

नाही. प्राणी तर फारच खोटे दिसतात, लढाया म्हणजे हातातून रंगीत उजेड निघतो आणि समोरचा मागे उडतो, ढगांतले राजवाडे वॉलपेपरसारखे. जिथे खरा सेट, खरं झाड, खरे कपडे आहेत तिथे मात्र सुंदर आहे, झोपडीतले आणि पीचच्या बनातले सीन बघा. ही लढाईची सिरियल नाही असं मनाशी ठरवलं की त्रास कमी होतो. आणि ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटलं तर तेही खरं आहे, चीनमध्ये ऐतिहासिक किंवा पौराणिक सिरियलमध्ये डबिंग कलाकारांचा आवाज लावणं नेहमीचंच.

८. पळवत बघायची असेल तर काय पळवू?

ली जिंग (शत्रूच्या जमातीचा राजपुत्र) आणि शुआन न्यू ह्यांचं ट्रॅक मधल्या काळात पाणी घालून वाढवलंय, तिथे पळवा. स्वर्गाच्या दरबारातल्या चर्चा पळवा. आणि फ्लॅशबॅक! दहा मिनिटांपूर्वी बघितलेलं परत दाखवतात, तेही तेच गाणं लावून, ते तर बिनधास्त पळवा.

फंगज्यू आणि डोंगहुआचं पळवू नका. ती बाय छियानची भाची, दिलराबा दिलमुरातने केलीय, आणि तो स्वतःचं नाव नशिबाच्या दगडावरून पुसून टाकलेला देव, म्हणजे त्याच्या नशिबात लग्नच नाही. ह्यांची गोष्ट मधेच येते, मेन गोष्टीचा वेग मारते हे मान्य, पण कित्येकींना मुख्य जोडीपेक्षा हीच जोडी आवडते.

९. पिक्चर पण आहे ना? आणि दुसरा भाग? आधी काय बघू?

आधी सिरियल. ऑगस्ट २०१७ चा पिक्चर (लिउ यीफे, यांग यांग) ह्याच कादंबरीवर आहे, पण दोन तासांत तीन जन्म मावत नाहीत, सगळं धावतं, रंग मात्र छान आहेत. २०२० ची 'एटर्नल लव्ह ऑफ ड्रीम' ५६ भागांची, ती फंगज्यू-डोंगहुआची. नट तेच आहेत. फक्त तिथे सगळा मूड हलका, विनोदी आहे, त्यामुळे हिच्यानंतर लगेच लावली तर दचकायला होतं. मधे आठवडाभर जाऊ द्या.

१०. (इथून पुढे सगळं फुटतं) ये हुआने स्वतःच्या हाताने तिचे डोळे काढले, सांगून का नाही टाकलं तिला काय चाललंय ते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि रागाने येतो.

सिरियल जे कारण देते ते असं. स्वर्गाच्या राजाला कळलं असतं की युवराज एका माणसाच्या पोरीत एवढा गुंतलाय तर तिला संपवलं असतं. म्हणून तो तिच्याशी कोरडं वागतो, म्हणजे तिची किंमत नाही असं सगळ्यांना वाटावं. लढाईत मेल्याचं नाटक करून कायमचं तिच्याकडे राहायचा त्याचा बेत आधीच फसलेला असतो. मग सू जिन स्वतःच कड्यावरून पडते, डोळे गमावते आणि सू सूने ढकललं असा आळ घेते. डोळ्यांच्या बदल्यात डोळे असा हुकूम येतो. तो ते स्वतः करतो कारण नाहीतर शिक्षा ह्याहून भयंकर झाली असती.

हे सगळं कागदावर बरोबर आहे. पण ती पोटुशी आहे, अनोळखी जागी आहे, एकटी आहे, आणि तिला एक वाक्य सुद्धा कोणी सांगत नाही. दार लावून, कानात, 'माझ्यावर विश्वास ठेव' एवढं. दोघं एका खोलीत असतात तेव्हाही नाही. एवढा शूर युवराज, राक्षसांना मारतो, आणि बायकोशी बोलायला घाबरतो. मला वाटतं लेखकांना शेवटी तिची कड्यावरून उडी हवी होती, म्हणून त्याचं तोंड बांधून ठेवलंय. ही सिरियलची खरी कमजोरी, ग्राफिक्स वगैरे त्यापुढे काहीच नाही.

आणि तरी तो उडीचा सीन जमलाय हे पण सांगते. मूल झालंय, ती आंधळी आहे, चाचपडत कड्याशी येते, हातातल्या आरशातून त्याच्याशी बोलते, मी तुला मोकळं केलं आता तूही मला कर अशा अर्थाचं, आणि ओरडत नाही. तिचा आवाज जवळपास शांत आहे.

११. मग ती त्याला माफ कसं करते? मला तर पटलंच नाही.

मला वाटतं ती करतच नाही, निदान तोंडाने तरी नाही. ये हुआने जपलेला एक जादूचा दिवा फुटतो, तिच्या आठवणी परत येतात, तेव्हा ती आधी सू जिनकडे जाऊन स्वतःचे डोळे परत घेते. त्या सीनसाठी मी ही सिरियल परत बघेन. तिथे ती पीडित वाटत नाही, मालकीण वाटते, माझी वस्तू तुझ्याकडे होती, दे. नंतर छिंगछियुला जाऊन दार लावून घेते, तो बाहेर उभा राहतो, ती भेटत नाही. इथपर्यंत उत्तम. एवढ्या मोठ्या दुखापतीला एवढाच राग शोभतो.

पण पुढे छिंग त्सांग, म्हणजे त्या मोठ्या युद्धातला शत्रू राजा, ज्या घंटेत कोंडलेला असतो ती फोडायला निघतो, बाय छियान लढायला जाते, ये हुआ येतो, जीव देतो, तिच्या मांडीवर जातो. आणि मग ती फक्त रडायची उरते. म्हणजे ज्या दोन माणसांनी समोरासमोर बसून बोलायला हवं होतं त्यांच्यातल्या एकाला मारून टाकलं की प्रश्न सुटला. तिने माफ करायच्या आधीच सिरियलने त्याला माफ केलं, आणि आपल्यालाही करायला लावलं. त्याने आधी बरंच भोगलंय, हातही गमावलाय, ते मी नाकारत नाही, पण त्रास सोसणं आणि माफी मागणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१२. सू जिनला एवढी वर्षं कोणी काहीच कसं करत नाही?

कारण तिची अख्खी जमात स्वर्गासाठी लढताना संपली, ती एकटी उरलेली, त्यामुळे सगळे तिला उपकाराच्या ओझ्याने सांभाळतात. हे कारण खरं तर चांगलं आहे, अशा माणसाला कोणी बोलत नाही हे आपण घरोघरी बघतो. ह्यातून मोठं पात्र झालं असतं. पण तिला फक्त डोळे बारीक करून कट रचायला ठेवलंय, तिचं एकटेपण कधी नीट दाखवलंच नाही.

१३. बाय छियानचं खरं प्रेम गुरूवरच होतं ना?

ह्यावरून मैत्रिणींत भांडणं झालीयत. बाजू मांडायला पुरेसं आहे: मो युआन तिच्या वाटची वीज (देवांना परीक्षा म्हणून सोसावी लागते ती) स्वतः अंगावर घेतो, मरताना वाट बघ म्हणतो, आणि ती ७० हजार वर्षं त्याचं शरीर स्वतःच्या काळजाच्या रक्तावर जपते. हे काही साधं कर्तव्य नाही.

माझं मत असं की त्याच्या बाजूने प्रेम होतं आणि तिच्या बाजूने भक्ती, ऋण आणि अपराधीपणा. तिला त्याच्यासमोर कायम शिष्यासारखं सरळ बसावं लागतं. ये हुआसमोर ती आडवी पडून दारू पिते, स्वयंपाक तो करतो. मार्क चाओने शेवटच्या भागांत मो युआनचं कळणं आणि गप्प बसणं इतकं छान केलंय की माणूस त्याच्याच बाजूने होतो. त्याला परत आणायला लागणारं औषध ये हुआने स्वतःची साधना घालून केलेलं असतं, आणि दोघं भाऊ निघतात, जुळे. हा भावाचा खुलासा मला घाईत उरकलेला वाटला.

१४. ९० हजार वर्षांचं अंतर! विचित्र नाही वाटत?

ती १ लाख ४० हजार, तो ५० हजार. ती स्वतःच सुरुवातीला हेच म्हणून टाळते, की मी तुझ्यापेक्षा केवढी मोठी. पण अंतर कसलं हे बघा, दोघं प्रौढ आहेत, तो राज्य चालवतो, आणि मोठी ती आहे, ह्यात मला तर ताजेपणा वाटला. त्यांचं लग्न ठरलेलं होतं ते का, तर स्वर्गाचा दुसरा राजपुत्र बाय छियानशी ठरलेला असताना तिच्याच दासीबरोबर निघून गेला, म्हणून भरपाईत पुढचा युवराज जो कोण होईल तो देऊ केला. तेव्हा ये हुआ जन्मलाही नव्हता. नातं खटकायचं असेल तर प्रश्न १० साठी खटकावं, वयासाठी नाही.

१५. तीन जन्म म्हणजे आपल्या सात जन्मांसारखं का?

नाही, आणि इथे बरेच जण गोंधळतात. बाय छियान एकदाही मरून परत जन्मत नाही. एकाच आयुष्यातल्या तीन अवस्था आहेत, तीन नावं, तीन घरं. 'तीन जन्म' हा शब्दप्रयोग चीनमध्ये बौद्ध विचारातून आलाय, मागचा, आत्ताचा, पुढचा. बाकी देवांची श्रेणी, साधना करून वर चढणं हे ताओ परंपरेतलं, आणि नऊ शेपट्यांची कोल्हीण आणि छिंगछियु तर त्यांच्या फार जुन्या ग्रंथातले, म्हणजे लेखिकेने तीन-चार डब्यांतून घेतलंय.

एक गोष्ट मला फार आवडली ती सांगते. सबटायटलमध्ये सारखं ट्रायल किंवा ट्रिब्युलेशन येतं, प्रत्येक देवाला ती भोगून वरच्या पायरीला जायचं असतं. त्याला चिनी शब्द 'च्ये', आणि तो आपल्या संस्कृत 'कल्प' शब्दाचं चिनी रूप आखडून झालेला आहे, बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेला. कल्प संपतो तेव्हा प्रलय होतो, त्यावरून तिकडे संकट असा अर्थ आला. सू सूचं अख्खं आयुष्य, ते प्रेम, ते मूल, ती उडी, हे देवांच्या हिशोबात बाय छियानचं एक 'च्ये' आहे, त्यातून ती वरच्या पदाला जाते. हे लक्षात आलं की सिरियल जास्त क्रूर वाटते. कोणाचं तरी सगळं आयुष्य म्हणजे दुसऱ्याच्या हिशोबात एक पायरी.

१६. कथा चोरलेली आहे असं ऐकलं, खरं का?

थांग छीवर दुसऱ्या एका ऑनलाइन कादंबरीतून उचलल्याचे आरोप चीनमध्ये झाले, वाचकांनी उतारे समोरासमोर ठेवून दाखवले, तिने ते नाकारले. सिरियल आणि पिक्चर आल्यावर वाद परत पेटला. ह्या कारणासाठी कोणी बघायची नाही म्हणत असेल तर मी त्यांना आग्रह करत नाही.

१७. शेवट गोड आहे म्हणतात, मग मला रिकामं का वाटलं?

कारण ५७ भाग रडवून गोड भाग मोजून काही मिनिटं देतात. तीन वर्षं जातात, ती जगते कशीबशी, आणि ये हुआ बनात परत येतो, हाक मारतो, संपलं. मुलगा आईबापांना एकत्र बघतो तो सीनही आपल्याला मिळत नाही. प्रश्न ११ मधलं बोलणं तर राहिलंच. मी दुसऱ्यांदा बघितली तेव्हा शेवटच्या भागानंतर मागे जाऊन झोपडीतला तो भाग लावला, तो जखमी आहे, उपकार कसे फेडू विचारतो, आणि ती सरळ म्हणते मग माझ्याशी लग्न कर. तुम्हीही तो लावा.